विहीर पुनर्भरण परवडतं का? बागायतीचा हिशेब मांडायची पद्धत

विहीर पुनर्भरण म्हणजे पावसाचं वाहून जाणारं पाणी चर काढून वळवायचं आणि गाळण टाकीतून गाळून विहिरीत सोडायचं. त्याचा फायदा लिटरमध्ये सांगायची सवय आपल्याकडे पक्की झाली आहे. अमुक कोटी लिटर पाणी जिरवलं, तमुक कोटी लिटर साठा झाला. शेतकऱ्याच्या पदरात मात्र लिटर पडत नाहीत, पाण्याची पाळी पडते. हरभरा घाट्यात असताना एक पाणी जास्त देता आलं, उन्हाळ्यात डाळिंबाची झाडं तगली, तर तो फायदा. ऑगस्टमध्ये विहिरीत कितीही पाणी उतरलं आणि जानेवारीत मोटार हवा ओढू लागली, तर त्या पाण्याची किंमत तुमच्यापुरती शून्य. म्हणून या लेखातला सगळा हिशेब एकाच प्रश्नाभोवती फिरतो: पुनर्भरणामुळे कोणत्या महिन्यात, किती एकरांना, किती जादा पाळ्या मिळाल्या?

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भूभाग बेसाल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर वसलेला आहे. लेख त्या भागातल्या, प्रामुख्याने अवर्षणप्रवण पट्ट्यातल्या उघड्या विहिरींसाठी आहे. तापीच्या गाळाच्या प्रदेशात गणित वेगळं होतं, कारण तिथे जमिनीखाली पाणी साठवायला खूपच जास्त जागा आहे.

आधी जमिनीखालचं भांडं ओळखा

विहीर खोदताना निघालेला माल आठवा किंवा जुन्या माणसाला विचारा. वर मुरूम किती, मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा) खडक कुठे लागला, गेरूचा लाल थर आला का, अखंड काळा पाषाण किती खोलीवर सुरू झाला. पाणी साठतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि फटींमध्ये. अखंड पाषाणात ते जवळजवळ नाहीच.

अशा खडकात साठवणीला वाव फार कमी असतो. भूजलाच्या सरकारी अंदाजात झिजलेल्या बेसाल्टसाठी ही जागा खडकाच्या घनफळाच्या साधारण २ टक्के धरतात. म्हणजे १० हेक्टर शिवारात पाण्याची पातळी १ मीटर वाढली, तर जमिनीखाली वाढलेलं पाणी १,००,००० चौरस मीटर × १ मीटर × ०.०२, म्हणजे २,००० घनमीटर. हा आकडा दोन्ही बाजूंनी उपयोगी आहे. पातळी वाढल्याचा गाजावाजा झाला की त्यातून खरं पाणी किती निघतं ते कळतं, आणि तुम्ही जिरवलेल्या पाण्याने पातळी किती वाढायला हवी होती तेही पडताळता येतं.

भांडं लहान असल्याचा आणखी एक परिणाम असा की ते लवकर भरतं. चांगल्या पावसाच्या वर्षी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत विहीर काठाला लागते. त्यानंतर पुनर्भरण यंत्रणेतून येणारं पाणी खडकात मुरत नाही, ओढ्याला लागून निघून जातं. ते हिशेबात धरायचं नाही.

वही, टेप आणि दोनशे लिटरचा ड्रम

मोजमापाशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे होतं, आणि मोजमापाला खर्च जवळजवळ नाही. विहिरीच्या कठड्यावर ऑइलपेंटने एक खूण करा आणि कायम त्याच खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. टेपच्या टोकाला वजन बांधा. मोटार बंद होऊन बरेच तास झाल्यावरच मोजा. थ्री फेज वीज रात्रीची असेल तर सकाळी लगेच मोजू नका, दुपारपर्यंत पातळी सावरू द्या. नाहीतर तुम्ही मोजता तो उपसा, पाणीपातळी नव्हे. महिन्यातून एक नोंद पुरेशी आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यात मोजते. निदान ते चार महिने चुकवू नका, म्हणजे तुमची नोंद त्यांच्या नोंदीशेजारी ठेवता येईल.

दुसरी नोंद मोटारीच्या तासांची. शेतकरी विहिरीचं पाणी तासातच सांगतो, ‘विहीर दिवसाला तीन तास चालते’. त्या तासाचं पाणी मोजून घ्या. २०० लिटरचा ड्रम ४० सेकंदांत भरला तर सेकंदाला ५ लिटर, म्हणजे तासाला १८ घनमीटर. ड्रम वर्षातून दोनदा भरून बघा, दिवाळीनंतर आणि फेब्रुवारीत. पातळी खोल गेली की त्याच मोटारीचं पाणी कमी पडतं आणि तास फसवे ठरतात.

तिसरी नोंद पावसाची. महसूल मंडळाचा आकडा मिळतो, पण शिवारात साधा पर्जन्यमापक लावला तर उत्तम. एकाच मंडळात दोन गावांच्या पावसात मोठा फरक पडतो, हे कोणाला सांगायला नको.

‘आधी आणि नंतर’ ही तुलना फसवी असते

पुनर्भरणाच्या हिशेबात सर्वांत जास्त घोळ इथे होतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी न्यावं लागलं. त्याच वर्षीच्या पावसाळ्याअखेर मराठवाड्यात धो धो पाऊस झाला आणि लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण भरलं. आता मे २०१६ ची पाणीपातळी आणि मे २०१७ ची पातळी शेजारी ठेवा. मधल्या काळात गावात कोणतंही काम झालेलं असो, श्रेय त्याला मिळेल. काहीच काम झालं नसतं तरी पातळी वाढलीच असती. जलयुक्त शिवार या राज्य सरकारच्या जलसंधारण योजनेवर २०२० च्या अहवालात कॅगने, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, भूजल पातळीच्या मुद्द्यावरून ताशेरे ओढले आणि मोठा वाद झाला. त्या वादाच्या मुळाशीही हाच प्रश्न होता: वाढ कामाची की पावसाची?

म्हणून तुलना ‘काम असताना’ आणि ‘काम नसतं तर’ यांच्यात करायची. त्यासाठी जोडीदार विहीर निवडा. ती त्याच थरांतली, साधारण तितकीच खोल, त्याच पावसातली हवी, पण पुनर्भरणाच्या प्रभावाबाहेरची, शक्यतो ओढ्याच्या वरच्या अंगाची किंवा पलीकडच्या पाणलोटातली. समजा, काम झाल्यावर तुमच्या विहिरीची जानेवारीची पातळी २ मीटरने वर आली आणि जोडीदार विहिरीचीही १.३ मीटरने आली. मग कामामुळे आलेली वाढ ०.७ मीटर. उरलेलं पावसाचं देणं आहे. यात एक अट आहे: दोन्हीकडच्या पिकांत आणि उपशात फार बदल झालेला नसावा. जोडीदार विहिरीवर त्याच वर्षी ऊस लागला असेल तर ती तुलना बाद.

एकट्या विहिरीच्या पुनर्भरणाचा फरक टेपवर दिसेलच असं नाही, हेही आधीच समजून घ्या. तो का दिसत नाही, हे पुढच्या उदाहरणातून स्पष्ट होईल.

पाणी किती मुरलं, त्यातलं आपल्याला किती मिळालं

एक उदाहरण शेवटपर्यंत चालवू. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला. सरासरी ५५० मिलिमीटर पावसाचं गाव, ६ मीटर व्यासाची विहीर, आणि चर काढून विहिरीकडे वळवता येईल असं २ हेक्टरचं वरच्या अंगाचं क्षेत्र.

२ हेक्टर म्हणजे २०,००० चौरस मीटर. ५५० मिलिमीटरपैकी १२ टक्के पाणी वाहून येतं असं धरलं तर ६६ मिलिमीटर, म्हणजे १,३२० घनमीटर. बहुतेक प्रकल्प अहवाल इथे थांबतात आणि ‘१३ लाख लिटर पुनर्भरण’ असं लिहून मोकळे होतात.

पण हे वाहणारं पाणी मोजक्या मोठ्या पावसांत येतं. अर्ध्या तासात झोडपणाऱ्या पावसाचं सगळं पाणी गाळण टाकीतून जात नाही, बरंचसं वरून निघून जातं. अर्धं धरू, ६६० घनमीटर राहिलं. त्यातलं काही विहीर तुडुंब असताना आलं, म्हणजे वाया. दोन तृतीयांश उपयोगी धरू, ४४० राहिलं. हे पाणी तुमच्याच विहिरीत तुमची वाट बघत थांबत नाही. उताराच्या दिशेने शेजाऱ्यांच्या विहिरींकडे आणि ओढ्याकडे सरकत राहतं. रब्बीत तुमच्या मोटारीला त्यातलं ६० टक्के सापडलं असं धरू. हाती आलं २६० घनमीटर.

१,३२० चे २६० झाले, आणि यातलं एकही गाळणं मी ओढूनताणून लावलेलं नाही. आता मघाची पडताळणी करा. मुरलेले ४४० घनमीटर १० हेक्टरांत पसरले तर पातळी जेमतेम २२ सेंटिमीटर वाढते. शेजारच्याने एक दिवस जास्त उपसा केला तरी हा फरक टेपवर हरवून जाईल. म्हणून एकट्या विहिरीसाठी मोटारीचे तास हाच खरा साक्षीदार. तासाला १८ घनमीटर या दराने २६० घनमीटर म्हणजे अख्ख्या हंगामात साडेचौदा तास जास्त मोटार. वहीत ते दिसायला हवेत.

पाळीची किंमत काढा

एका एकराला पाटाने ६ सेंटिमीटरचं पाणी द्यायला सुमारे २४३ घनमीटर लागतं. तुषारवर ४ सेंटिमीटरची पाळी दिली तर १६२ घनमीटर. म्हणजे आपले २६० घनमीटर पाटाने जेमतेम एका एकराची एक पाळी, तुषारने १.६ एकरांची.

या पाळीची किंमत पिकाच्या एकूण उत्पन्नाला पाळ्यांच्या संख्येने भागून काढू नका. शेवटची जादा पाळी काय देते, तेवढंच बघा. हरभऱ्याला फुलोऱ्यात आणि घाटे भरताना ओल मिळाली तर फरक दिसतो, मात्र पिकाने माजून नुसती पालवी वाढवावी अशा वेळी दिलेलं पाणी उलट नडतं. गव्हाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना पाणी चुकलं तर पुढच्या पाळ्यांनी ते भरून येत नाही. पण त्या दिवसांत बहुतेक विहिरींना पाणी असतंच, म्हणून गव्हाच्या पहिल्या पाळीचं श्रेय पुनर्भरणाला देता येत नाही. पुनर्भरणाने मिळते ती विहीर धाप टाकू लागते तेव्हाची पाळी.

समजा, घाटे भरतानाच्या एका पाळीने हरभरा एकरी दीड क्विंटल वाढतो. क्विंटलला ५,५०० रुपये धरून ८,२५० रुपये झाले. जादा मजुरी, मळणी, बारदान, वाहतूक मिळून १,२५० वजा. एकरी निव्वळ ७,०००, तर १.६ एकरांचे ११,२०० रुपये.

फळबागेत चित्र एकदम बदलतं. एप्रिल आणि मे महिन्यात झाडाला रोज ४० लिटर दिलं तर ६० दिवसांत २.४ घनमीटर लागतं. २६० घनमीटरमध्ये शंभरावर झाडं निघतात. तेच पाणी १०,००० लिटरच्या टँकरने आणायचं तर २६ टँकर, आणि टँकरला १,५०० रुपये धरले तर ३९,००० रुपये. हा आकडा मोहात पाडतो. पण तो खरा ठरायला पावसाळ्यात मुरलेलं पाणी एप्रिलपर्यंत तुमच्या विहिरीत टिकावं लागतं. तुमची विहीर मार्चमध्ये तळ गाठत असेल तर टँकरची बचत लिहू नका. बागायतदार इथेच स्वतःची फसवणूक करून घेतात. पाणी टिकवायचंच असेल तर अस्तरीकरण केलेल्या शेततळ्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, तो पुनर्भरणाच्या खात्यात घालायचा नाही.

विजेची बचत बहुतेक अहवालांत मोठी दाखवतात. ती किती असते ते एकदाच बघू. १ घनमीटर पाणी १ मीटर उचलायला, पंपाची एकूण कार्यक्षमता ४० टक्के धरली तर ०.००७ युनिटच्या आसपास वीज लागते. विहिरीची पातळी २ मीटरने वर आली आणि तुम्ही १,००० घनमीटर उपसलं, तर बचत १४ युनिट. शिवाय साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून राज्यात वीज मोफत आहे, म्हणजे तुमच्या खिशात तेवढेही नाहीत. बचत लक्षणीय होते ती खोल बोअरवर, जिथे पातळी ३०–४० मीटरने उचलली जाते. नव्या बोअरचा वाचलेला खर्चही असाच जपून धरा. ते बोअर तुम्ही खरोखर घेणार होतात तरच.

दहा वर्षं धरून मांडा

एका वर्षाच्या फायद्याला दहाने गुणलं की सगळं सोनं दिसतं. पाऊस तसा पडत नाही. दहापैकी तीन वर्षं चांगली धरू. विहिरीला एरवीही पुरेसं पाणी असतं, जादा पाळीची गरजच पडत नाही, फायदा शून्य. चार वर्षं मध्यम, फायदा ११,२००. तीन वर्षं दुष्काळी. वाहून येणारं पाणीच कमी, हाती एक तृतीयांश, जेमतेम ८५ घनमीटर. पण तेव्हा ते पाणी अर्ध्या एकरातलं पीक वाचवतं, एकरी १२,००० रुपये धरले तर फायदा सुमारे ६,०००. दहा वर्षांची बेरीज ६२,८००, वर्षाला सरासरी ६,२८० रुपये.

आता खर्च. चर, गाळ बसण्याची टाकी, दगड, खडी आणि वाळूच्या थरांची गाळण टाकी, पाइप, मजुरी मिळून २५,००० रुपये धरू. ही रक्कम १० टक्के व्याजाने काढून दहा वर्षांत फेडायची असं समजलं तर वर्षाचा हप्ता सुमारे ४,०७० रुपये. पैसे स्वतःचे असले तरी हप्ता धराच, कारण तेच पैसे दुसरीकडे कामाला लागले असते. गाळ काढणं, वाळू धुणं किंवा बदलणं याला वर्षाला २,००० रुपये. एकूण ६,०७०.

फायदा ६,२८०, खर्च ६,०७०. म्हणजे काठावर पास. हरभऱ्याच्या शेतकऱ्याने एकट्याने केलेल्या पुनर्भरणाचं वास्तव हे असं आहे. ते लपवून कुणाचंच भलं होत नाही. पडेल भावात विकावं लागलं तर तोटा, वळवता येणारं क्षेत्र दुप्पट असेल आणि टाकी ते पाणी पेलत असेल तर घसघशीत नफा. तुमच्या बाबतीत कोणता आकडा निकाल फिरवतो ते शोधा: भाव, वळवता येणारं क्षेत्र की विहीर भरून वाहू लागण्याची तारीख. माझ्या मते बहुतेक ठिकाणी ती तारीखच निर्णायक असते. जी विहीर दरवर्षी ऑगस्टअखेर भरते, तिच्या पुनर्भरणावर पैसे घालू नयेत.

अनुदान मिळालं तर हिशेब दोनदा मांडा, एकदा तुमच्या खिशातून गेलेल्या रकमेचा आणि एकदा पूर्ण रकमेचा. अर्धं अनुदान असेल तर तुमचा हप्ता २,०३५ वर येतो. देखभालीचे २,००० मात्र तसेच राहतात, कारण गाळ काढायला अनुदान येत नाही. पहिल्या पावसाळ्यात आलेल्या मातीने वाळूचा थर चोंदला आणि कोणी हात लावला नाही, तर दुसऱ्या वर्षापासून फायद्याच्या रकान्यात शून्य आणि हप्ता चालू. शिवाय गढूळ पाणी थेट विहिरीत सोडलं तर झऱ्यांची तोंडं बुजतात, ते नुकसान वेगळंच. पहिल्या एकदोन पावसांचं पाणी बाहेर काढून द्या. ज्या विहिरीचं पाणी पितात तिच्यात खत आणि औषध मारलेल्या वावराचं पाणी वळवूच नका.

शेजाऱ्याला मिळालेलं पाणी

आपल्या उदाहरणात ४४० मधले १८० घनमीटर शेजाऱ्यांकडे आणि ओढ्याकडे गेले. तुमच्या हिशेबात ते नुकसान असलं तरी गावाच्या हिशेबात त्यातला बराच भाग जमेला येतो. एकाच थरातल्या पाच-सहा विहिरींनी मिळून पुनर्भरण केलं तर एकाकडून सरकलेलं पाणी दुसऱ्याला मिळतं आणि प्रत्येकाचा खर्च जास्त वसूल होतो. काठावरचा हिशेब इथे नफ्यात जातो. गावपातळीवर ५०० हेक्टरांत पातळी खरोखर १ मीटर वाढली तर १ लाख घनमीटर पाणी होतं, म्हणजे पाटाच्या ४१० एकर-पाळ्या. हा फरक टेपवरही स्पष्ट दिसतो.

अडचण पुढे येते. पाणी दिसलं की नवी बोअर पडतात, ऊस लागतो, आणि ज्याच्या बोअरची खोली जास्त त्याच्याकडे सगळ्यांचं पाणी ओढलं जातं. म्हणून गावाच्या हिशेबात फायदा किती वर्षं टिकेल हा रकाना हवाच, आणि त्याचं उत्तर खडकापेक्षा गावाच्या नियमांवर जास्त अवलंबून असतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने शेतीसाठी बोअर घेण्यावर आणि ऊस-केळीवर बंदी घातली. तिथे पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीत काय घ्यायचं ते ठरतं. असा नियम असलेल्या गावात दहा वर्षांचा फायदा धरायला हरकत नाही. नियम नसलेल्या गावात मी तीन-चार वर्षांपलीकडे धरणार नाही.

शेवटची तुलना, जी बहुतेक जण करत नाहीत

पुनर्भरणाचा हिशेब पूर्ण झाला की त्याच २५,००० रुपयांचं दुसरं काय होऊ शकलं असतं ते मांडा. दोन एकर हरभऱ्याला पाटाने दोन पाळ्या देणारा शेतकरी ९७२ घनमीटर पाणी वापरतो. तुषारवर तेच काम ६४८ मध्ये होतं. वाचले ३२४, म्हणजे पुनर्भरणातून हाती आलेल्या २६० पेक्षा जास्त, आणि तेही जवळजवळ दरवर्षी. मात्र पाटाने दिलेल्या जादा पाण्यातलं काही झिरपून पुन्हा त्याच विहिरीला येत असतं, त्यामुळे खरी बचत ३२४ पेक्षा कमी भरते. हलक्या मुरमाड जमिनीत बरीच कमी, भारी काळ्या जमिनीत थोडी कमी.

तुमच्याकडे तुषार संच नसेल आणि जमीन भारी असेल तर आधी तो घ्या, पुनर्भरण पुढच्या उन्हाळ्यात करा. संच असेल, विहीर सप्टेंबरपर्यंत भरत नसेल आणि वरच्या अंगाने वळवता येईल असं पाणी डोळ्यांदेखत वाहून जात असेल, तर मे महिन्यातच टाकी बांधून घ्या. तत्पूर्वी शेजारच्या दोघा-तिघांना सोबत घ्या आणि कठड्यावर खूण करून वहीत पहिली नोंद लिहा.